बंबाची राख

पुष्पाच्या घरी फोन वाजला तेव्हा मी परड्यात खताच्या खड्ड्यावर पाणी मारत होतो. सकाळचे सात वाजले असतील. वैशाख होता, ऊन तेवढ्यातच भिंतीवर चढलं होतं. फोन बराच वेळ वाजला आणि थांबला. थोड्या वेळानं पुष्पा तारेच्या कुंपणापाशी आली. पुष्पा म्हणजे शेजारच्या सुतारांची सून. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून सुहास, माझा मुलगा, तिच्याकडे फोन करायचा.

तिनं कुंपणाची तार धरली. मीच विचारलं, "सुहासचा होता काय? सोडणार हायेत म्हणला आज?"

"मामा," ती म्हणाली, "आधी पाणी बंद करा."

मी नळापाशी गेलो. नळ जुना होता, नीट बंद व्हायला दोनदा पिळावा लागायचा. मी दोनदा पिळला. परत आलो तर पुष्पा तशीच तार धरून उभी होती. मला तेव्हाच कळलं. तिनं तोंडानं सांगितलं ते नंतर.

हौसा, माझी बायको, सोमवारी मिरजेला गेली होती. पित्ताशयातले खडे काढायचे होते. ते काम नीट झालं होतं. गुरुवारी पहाटे उठून तिनं पाणी मागितलं आणि सुहास तांब्यातून पाणी ओतेपर्यंत ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी तिथं नव्हतो, कारण तिनंच मला मागं ठेवलं होतं. दवाखान्यात सुहास पुरे आहे, म्हणाली. परड्याला कोण आहे?

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो, एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर गावाबाहेरच्या या गल्लीत तीन गुंठे घेऊन घर बांधलं. मागं परडं राहिलं ते हौसाचं. मी त्यात कधी हात घातला नाही. वांगी, दोडका, घेवडा, कोथिंबीर, सगळं ती करायची. कोपऱ्यात तिचा खड्डा होता, चार फूट लांब, तीन फूट रुंद, कमरेइतका खोल. खाली उसाचं पाचट, त्यावर भाजीची देठं-सालं, वर शेणकाला, मग माती, मग बंबाची राख. पुन्हा पाचट. असे थर. त्यात माझं काम एकच होतं. खड्ड्यात एक लोखंडी सळई खुपसून ठेवलेली असायची. हौसा मला हाक मारायची, "बॉयलरवाले, बघा जरा, किती प्रेशर आलंय." मी सळई उपसून हाताला लावून बघायचो आणि म्हणायचो, "गाळप सुरू करायला हरकत नाही." मग ती खड्डा पलटी करायची. मी जाऊन पेपर वाचायचो.

सोमवारी मिरजेला निघताना जीप दारात उभी होती आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. हौसाचं सांगणं संपेना. खड्ड्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, पण चिखल करू नका. लिंबाची सालं टाकू नका. शनिवारी बंबाची राख काढायची आणि खड्ड्यात सारखी पसरायची, एका जागी ओतायची नाही. वांग्याचं बी राखेच्या डब्यात आहे, त्याला हात लावू नका, मी आल्यावर रोप टाकीन. सुहास जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होता. तिनं एक पाय जीपवर ठेवला आणि वळून म्हणाली,

"आणि माझं काय झालंच, तर मला नदीत सोडू नका. नदी कुठल्या कुठं नेऊन टाकंल. माझी राख ह्या खड्ड्यात टाका. वांगी तरी चांगली येतील."

बायका हसल्या. गौरव्वा तेवढी हसली नाही. गौरव्वा गल्लीच्या टोकाला राहायची, सत्तरीची, जत भागातली लिंगायत म्हातारी. हौसावर तिचा फार जीव. तिनं हौसाच्या दंडावर एक चापट मारली आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलली.

हौसा माझ्याकडं बघत होती. "हां म्हणा की," म्हणाली.

"हां," मी म्हणालो. "बस आता गाडीत."

ती बसली.

मिरजेहून तिला सरळ आमच्या मूळ गावी नेलं. गाव इथून आठ मैलांवर, कृष्णेच्या काठाला. भावकी सगळी तिथं. गल्लीतली माणसं टेंपो करून आली, माती झाली तशी परत गेली. गौरव्वा त्यात नव्हती. ती भाचीच्या लग्नाला जतला गेली होती, तिला कोणी कळवू शकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला फक्त भावकी आणि हौसाच्या माहेरची माणसं होती. चाळीसेक असतील. तिचा भाऊ धोंडीराम सगळ्यात पुढं. राख गोळा झाली. धोंडीरामनं ती नव्या पाट्यांत भरली आणि पाण्याकडं निघाला. त्याच्या आणि हौसाच्या आई-बापांची राखही याच पाण्यात गेलीय, असं तो कोणाला तरी सांगत होता. मी त्याच्या मागं दोन-चार पावलं गेलो.

"धोंडीराम," मी म्हणालो, "ती म्हणाली होती..."

तो थांबला. त्याचे डोळे सुजलेले होते. "काय म्हणाली होती, दाजी?"

सगळी माणसं थांबली. सगळी माझ्याकडं बघायला लागली. खताचा खड्डा हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. पण तो शब्द त्या जागी कसा बोलायचा? शेण, पाचट, भाजीची सालं, आणि त्यात त्याची बहीण. मी बायकोला उकिरड्यात टाकायला निघालोय, असंच सगळ्यांनी ऐकलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं पाट्या पाण्यात उलट्या केल्या. पाणी उन्हाळ्यामुळं संथ होतं. राख लगेच गेली नाही, थोडा वेळ तिथंच फिरत राहिली. मग गेली.

दुपारपर्यंत आम्ही या घरी आलो. पाहुणे होते, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. संध्याकाळी न्हाणीत गेलो तर बंबाखाली राखेचा ढीग साठलेला. शनिवार होता. मी घमेलं भरलं आणि परड्यात गेलो. हौसानं सांगितलं होतं तसं, एका जागी न ओतता, हातानं सगळ्या खड्ड्यावर सारखी पसरली. थोडं पाणी शिंपडलं. मान वर केली तर पुष्पा तिच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. मला वाटलं, मला एकट्याला तिथं बघून तिला हौसाची आठवण झाली असेल.

दिवस झाले, पाहुणे गेले. सुहास मला पुण्याला चला म्हणत होता. त्याचं घर दोन खोल्यांचं, सून चांगली आहे, पण मी म्हणालो, खड्डा पलटी करायचाय. तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कधी केलाय का?" मी म्हणालो, बघून बघून कळतं. तसं काही कळत नव्हतं. पण तो गेला.

मग घरात मी एकटा. सकाळी दोन भाकऱ्या करायचो, एक जाड, एक फाटकी. दिवसभर कोणाशी बोलायचं म्हणजे दूधवाला. तोही आता चरवी बाहेर ठेवून जायचा. रेडिओ लावला की ऐकू यायचं की घरात दुसरं कोणी नाही, म्हणून लावायचो नाही. मी परड्यात जाऊन बसायचो. सळई उपसून बघायचो. एकदा एवढी तापली होती की हात मागं घेतला आणि सवयीनं म्हणालो, "गाळप सुरू करायला हरकत नाही." म्हणून झाल्यावर खाली बसलो.

खड्डा मी पलटी केला. पाठ आठ दिवस धरली होती. राखेच्या डब्यातलं वांग्याचं बी काढून रोप टाकलं. पहिलं दाट झालं म्हणून मेलं. दुसरं जगलं. आषाढात लावलं, प्रत्येक रोपाला खड्ड्यातलं दोन ओंजळी खत. ते खत काळं, मोकळं, हाताला गार लागायचं, त्याला वासही नव्हता. बॉयलरवर एवढी वर्षं काढली, पण आपल्या हातानं काही असं तयार झालेलं मी पहिल्यांदा बघत होतो. दाखवायला कोणी नव्हतं.

भाद्रपदात वांगी लागली. आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी, फिक्कट हिरवी, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे. अशी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. हौसाच्या हातालाही कधी एवढी आली नव्हती.

हौसा दर बुधवारी गल्लीत भाजी द्यायची. गुरुवारी बाजार असतो, त्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या घरची भाजी संपलेली असते, म्हणून बुधवार. घरटी सहा-सात वांगी, वर कोथिंबिरीची जुडी, केळीच्या सोपटानं बांधलेली. तिनं वाडगा दिला की तो रिकामा परत यायचा नाही. कधी आमटी, कधी लाडू, कधी नुसतं मूठभर शेंगदाणे. आणि गप्पा. कोणी भरली, कोणी भाजली, कोणाच्या सासूनं तिखट झालं म्हणून तोंड वाकडं केलं. बुधवारी ती तासभर घरी यायची नाही.

मी तेच धरलं. सोपट सोलून, भिजवून, जुड्या बांधून, बुधवारी पाच वाजता निघायचो. मला आठवडाभर त्याचीच वाट असायची. दारात उभं राहिलं की कोणीतरी बाहेर यायचं, काय मामा, बरं हाय का, म्हणायचं. मी वाडगा पुढं करायचो. सगळ्या घ्यायच्या. दोन्ही हातांनी घ्यायच्या, पदर सावरून. पण लगेच आत जायच्या. बसा म्हणायच्या नाहीत असं नाही, पण मी बसलो की बोलणं चालायचं नाही. वाडगा तिथंच रिकामा करून, विसळून परत द्यायच्या. कशी झाली होती भाजी, असं मी विचारलं की चांगली, म्हणायच्या. एवढंच. मला वाटायचं, बायकांशी बोलायची रीत मला येत नाही. हौसाला यायची.

फक्त गौरव्वा बोलायची. "कवळं बघून दे," म्हणायची. "दात न्हाईत मला." सगळ्यातून निवडून एकच घ्यायची.

कार्तिक लागला. खड्ड्याला वाळका पाला हवा होता, म्हणून मी पोतं घेऊन गल्लीच्या मागच्या ओढ्याकडं गेलो. रस्त्याखाली मोरी आहे, तिथं पाला अडकून राहतो. ओढ्याचं पाणी उतरलं होतं. मोरीच्या तोंडाशी वाकलो तर वांगी दिसली. दोन-चार नाही, पाटी भरेल एवढी. खालची कुजून काळी झालेली, मधली मऊ पडलेली, वरची ताजी, कालच्या बुधवारची. काहींच्यावर हळदकुंकू लावलेलं होतं. पाण्यानं बरंचसं गेलं होतं, पण देठापाशी राहिलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी उतारा टाकलाय. मी हात मागं घेतला. मग सोपट दिसलं. कोथिंबिरीच्या जुड्या, मी बांधलेल्या. माझी गाठ मला कळते, बॉयलरवर पाइपला दोरी गुंडाळायचो तशी मी बांधतो.

पाला गोळा केला नाही. वांगी तेवढी पोत्यात भरली. ती सडणार तर खड्ड्यात तरी सडू देत, असं काहीतरी डोक्यात होतं. पोतं खांद्यावर टाकून गल्लीतून आलो. पाणी पाठीवरून गळत होतं. पुष्पा अंगणात होती. तिनं पोतं बघितलं, ते कुठून आलंय ते तिला कळलं. मी पोतं तिच्या पायरीपाशी ठेवलं आणि तोंड उघडून दाखवलं.

"पुष्पा, मी कोणाचं काय वाकडं केलंय?"

ती आत गेली. पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बसा मामा," म्हणाली. मी बसलो नाही.

"टाकून न्हाई दिली मामा," ती म्हणाली. "सोडली. वाहत्या पाण्यात सोडतो आमी. हळदकुंकू लावून. पाणी उतरलं म्हणून अडकली असतील."

"सगळ्याजणी सोडता?"

"सगळ्या."

"का पण?"

"असं काय इचारताय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामींनी जाताना काय सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलंय की. आणि तुमी टाकलेलं मी बघितलंय. तिसऱ्या दिवशी, गच्चीवरनं. घमेल्यातनं काढून हातानं पसरत होता. तुमी शब्द पाळला, चांगलंच केलं, कोण नावं ठेवत न्हाई. घेतली न्हाई तर तुमाला वाईट वाटंल म्हणून सगळ्या घेतात. पण मामा, खायाची कशी? मामींनी माझी दोन बाळंतपणं काढली. त्यांना मी फोडणीला कशी घालू?"

मी उभाच होतो. वाक्य तोंडात तयार होतं. ती बंबाची राख होती, पुष्पा. एवढं म्हटलं की संपलं असतं. पण लगेच तिनं विचारलं असतं, मग मामींची? तरी मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो.

"म्हशीला घालावी म्हणलं तर तेबी होईना," ती डोळे पुसत म्हणाली. "एक गौरव्वा तेवढी खाते. सुनेशी भांडून खाते."

मी म्हणालो, जाऊन येतो. मनात धरलं की आधी गौरव्वाला सांगायचं. ती सगळ्यात मोठी. तिला सांगितलं की गल्लीला सांगायचं काम तीच करेल, मला दारोदार जायला नको.

गौरव्वा उंबऱ्यात बसून सुपात ज्वारी निवडत होती. सून आत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

"आज बुधवार न्हाई," गौरव्वा म्हणाली. "मोकळ्या हातानं आलास."

मी पायरीवर बसलो. "आव्वा, ती वांगी तुमी खाता?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू?"

"गल्ली खात न्हाई."

"कळलं व्हय तुला? बरं झालं." ती सूप पाखडत राहिली. "गल्लीचं सोड. ही आमची बया, आत बसलीय ती, तिनं माझा तवा वेगळा केलाय बुधवारचा. म्या म्हणलं कर. ताटबी वेगळं कर." आतला भांड्यांचा आवाज थांबला. गौरव्वानं आवाज आणखी चढवला. "आमच्यात माणूस गेलं की जाळत न्हाईत. मातीत बसवतात. माझा मालक आमच्याच रानात बसलाय. त्या रानाची ज्वारी वीस वर्षं खाल्ली सगळ्यांनी. हिच्या नवऱ्यानं खाल्ली, हिनंबी खाल्ली. कोण मेलं त्यानं?"

मी हसलो. कितीतरी महिन्यांनी कोणाच्या तरी दारात बसून हसलो. आता सांगावं म्हणून तोंड उघडलं.

तिनं सूप खाली ठेवलं. आता हळू बोलायला लागली.

"मला तिचं तोंड बघायला मिळालं न्हाई, आकाराम. मी लग्नात पुऱ्या खात बसले होते. आले तर तू टक्कल करून अंगणात बसलेला. तिचं लुगडंसुद्धा दोरीवर नव्हतं. मला वाटलं, मी हिला कुठं भेटू आता?" तिनं पदरानं नाक पुसलं. "मग पुष्पानं सांगितलं, तू काय केलंस ते. बुधवारी तुझं वांगं आलं की मी चिरता चिरता तिच्याशी बोलते. घरातलं सगळं सांगते. ही बया म्हणते, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरू दे."

मी सुपातली ज्वारी बोटांनी चाळायला लागलो.

"एक सांगू? तू हां म्हणालास तवा मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, हे नुसतं गाडीत बसवायचं हां हाय. म्हणलं, भावकी पुढं उभी राहिली की ह्यो गप बसणार. गडी सगळे गप बसतात." तिनं हात पुढं केला. तिचा हात खरखरीत होता, ज्वारीचा भुसा लागलेला. तो माझ्या तोंडावरून फिरवून तिनं आपल्या कानशिलावर बोटं मोडली, लहान पोराची दृष्ट काढतात तशी. "पण केलंस. तिच्या भावापुढं केलंस. म्या तुला ओळखलं न्हाई."

आत भांडी पुन्हा वाजायला लागली होती.

"कशाला आला होतास?" तिनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो.

"मग बुधवारी येतोस न्हवं?"

"हां."

"कवळं आण."

घरी आलो. पोतं पुष्पाच्या पायरीपाशीच होतं. ते उचलून परड्यात नेलं, वांगी खड्ड्यात ओतली, सोपटासकट. वर पाचट टाकलं, माती टाकली. पुष्पा कुंपणापलीकडं उभी होती.

"मामा, रागावलाय?"

"न्हाई," मी म्हणालो. "आता नका घेऊ कोणी. मी आणणार न्हाई."

तिला हलकं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला वाडगाभर भरलं वांगं पाठवलं. बाजारातल्या वांग्यांचं. मी ते भाकरीबरोबर खाल्लं. चांगलं झालं होतं. मला एवढं तेल घालायचं सुचत नाही.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की म्हाताऱ्या बाईसाठी गप्प बसलोय. पुष्पाला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या टोकाला पोहोचलं असतं. एक वाक्य बोललो असतो तर सगळी गल्ली माझी वांगी खायला लागली असती, वाडगे भरून परत आले असते, मीही दारोदार बसलो असतो. पण तिचं बुधवारचं बोलणं बंद झालं असतं. हे खरं आहे. पण सगळं खरं हेच आहे असं मला आता वाटत नाही. तिनं तोंडावरून हात फिरवला तो मला हवा होता. तो ज्यासाठी होता ते मी केलंच नव्हतं, तरी हवा होता.

पुढं सहा वर्षं मी बुधवारी एक वांगं घेऊन जात होतो. बाकीची मी खायचो, उरलेली खड्ड्यात. उन्हाळ्यात वांगं नसलं तर दोडका, नाहीतर चार मिरच्या. ती घ्यायची, नाकाशी धरायची आणि आत जायची. मी पायरीवर बसायचो. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. एकदा तिनं आतूनच विचारलं, "आकाराम, ती इचारतीय, लिंबाची सालं टाकत न्हाईस न्हवं?" मी म्हणालो, "न्हाई टाकत." ती आत तसं सांगत होती.

गौरव्वा गेली तेव्हा मी गावातच होतो. त्यांच्या रीतीनं तिला बसवून नेलं, विभूती लावून, बेल वाहून. खड्डा आमच्या खड्ड्यापेक्षा खोल होता. सगळ्यांनी मूठ मूठ माती घातली. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो आणि मनात धरलं की निदान आता सांगायचं, हळू का होईना, तोंडानं सांगायचं. तिचा मुलगा शेजारी उभा होता. मागं माणसं खोळंबली होती. मी माती टाकली आणि बाजूला झालो.

याला बरीच वर्षं झाली. मी आता एकोणऐंशीचा आहे. सुहासनं गच्चीवर सोलर बसवून दिलंय, पण मी बंब पेटवतो, नाहीतर राख कुठून आणणार? शनिवारी ती खड्ड्यात सारखी पसरतो. लिंबाची सालं टाकत नाही. वांग्याचं बी राखेच्या डब्यात असतं. पुष्पाच्या सुनेला परवा मी रोप टाकायला शिकवलं. तिनं रोप नेलं, खत नेलं नाही. तिच्या सासूनं सांगितलं असणार.

हौसानं जाताना सांगितलेलं सगळं मी करतो, ते एक सोडून. ते आता करता येत नाही. पुष्पा रोज सकाळी कुंपणापाशी येते, बरं हाय का मामा, विचारते. तिला सांगता येण्यासारखं आहे. अजून सांगितलेलं नाही.